रबरी पॅडच्या आत दडलेला गंज: एका मोटरहोमच्या लेव्हलिंग जॅकचं प्रकरण

गाडी मोठ्या बांध्याची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली. खाली चार हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक, चारही सरळ खाली उतरणारे, आणि प्रत्येकाच्या टोकाला साधारण 25 सेंटिमीटर व्यासाची गोल पोलादी बेस प्लेट. प्लेटची कड वर वळवलेली, म्हणजे ती सपाट चकती नाही, उथळ थाळीच. जुन्या टायरचं रबर पुन्हा वापरून केलेले जाड पॅड मालकांनी या प्लेटांना बसवून घेतले होते. या पॅडची रबरी ओठासारखी कड प्लेटच्या काठावर दाबून अडकते आणि एकदा बसवले की ते तिथेच राहतात. मुक्कामी पोचलं की बटण दाबायचं, जॅक उतरतात, गाडी समतल होते. लाकडी ठोकळे घेऊन चिखलात गुडघे टेकायला नकोत. पॅडवर मालक खूश होते आणि त्यांचं खूश असणं रास्तच होतं.

तक्रार वेगळी होती. पॅडच्या कडेवरून तांबूस ओघळ यायला लागले होते आणि जिथे गाडी उभी राहायची तिथल्या काँक्रीटवर गोल डाग उमटत होते. त्यांनी निदानही करून ठेवलं होतं: प्लेटचा रंग हलका निघाला, खरवडून चांगला रंग मारू, की झालं. मी एवढंच म्हटलं, की रंगाचा डबा उघडण्याआधी एक पॅड काढून आत बघू या. सबंध प्रकरणाचा उलगडा त्या एका पॅडने केला.

पॅड निघाल्यावर

पॅड काढायला जॅक थोडा खाली आणून प्लेट अधांतरी ठेवली, पण जमिनीपासून जेमतेम वीतभर. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. लेव्हलिंग जॅक गाडी समतल करायला असतात, माणूस खाली शिरलेला असताना गाडी तोलून धरायला नसतात. चाकांना अडण्या लावल्या होत्या, चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, वजन पेलणारे वेगळे स्टँड होते आणि त्यानंतरच हात आत गेला. बऱ्याच मोटरहोममध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं जॅकवर उचलली गेली, की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही.

साबणाचं पाणी कडेला सोडून प्लॅस्टिकच्या पट्टीने ओठ उचकटला, तसं आतून काळपट पाणी बाहेर आलं. त्याआधी पाऊस झालेला नव्हता आणि गाडी धुतलेलीही नव्हती. म्हणजे हे पाणी आत मुक्कामाला होतं.

प्लेटची खालची बाजू बघण्यासारखी होती. मध्यभागी, जिथे सगळा भार रबरावर दाबला जातो तिथे, कारखान्यातला काळा रंग जवळपास जसाच्या तसा. काठाला, जिथे रबर वर वळतं आणि दोघांच्या मध्ये बारीक फट राहते तिथे, दोन बोटं रुंदीचं गंजाचं कडं. पापुद्रे सुटलेले, नखाने खरवडले तरी गळून पडणारे. कड्याच्या आतल्या बाजूला रंग वरवर धड दिसत होता, पण बोट फिरवलं की फुगवटे लागत होते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक फुगवटा फोडला, तर खाली ओला काळा चिखलासारखा थर, आणि तो पुसल्यावर पोलादात नखाला जाणवेल एवढा खड्डा.

हा खड्डा महत्त्वाचा, कारण तांबडा गंज सगळा बाहेरच्या बाजूला आणि पोलाद खाल्लं गेलं होतं ते आतल्या बाजूला. हे उलटंसुलटं वाटतं, पण फटीतल्या गंजाची हीच रीत. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो पोचत नाही. या फरकामुळे त्या एका थेंबातच छोटा विद्युतघट तयार होतो: लोखंड विरघळतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी, आणि तांबडा गंज जमतो तो विरघळलेल्या लोखंडाची ऑक्सिजनशी गाठ पडते तिथे. पॅडच्या फटीत नेमकं हेच चाललं होतं. वरून गंज दिसतो तेवढाच खरवडून रंग मारला असता, तर खरी जखम रंगाखाली तशीच चालू राहिली असती.

आता वरची बाजू. थाळीसारख्या प्लेटमध्ये पाणी साचणार हे बनवणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी काठाजवळ पेन्सिल जाईल एवढी दोन निचऱ्याची भोकं ठेवली होती. वरून पाहिलं तर दोन्ही भोकं गाळाने भरलेली. खालून पाहिलं तर पॅडचं रबर त्यांवर सपाट बसून बूच झालेलं. पॅड येण्याआधी ही प्लेट स्वतःची स्वतः कोरडी होत होती. पॅडने तळाला घासण्यापासून वाचवलं, हे खरं. पण ते करताना पाण्याची वाट बंद केली.

पाणी आत येतं कुठून आणि जात का नाही

येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्या सगळ्या बंद करणं जमणारं नाही. चालत्या गाडीत चाकांचा फवारा थेट जॅकवर येतो. मुक्कामी पाऊस जॅकच्या रॉडवरून ओघळून प्लेटमध्ये उतरतो. गाडी धुताना आपणच पाणी घालतो. रबर आणि पोलाद यांच्यामधली फट इतकी अरुंद असते, की केशाकर्षणाने पाणी आपोआप आत ओढलं जातं आणि तिथून वाफ होऊन निघायला त्याला फार काळ लागतो.

त्यात ही गाडी हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून फिरलेली. साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. रस्त्यावरचं बर्फ वितळवायला वापरतात ती मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड तर साधारण 30 ते 33 टक्क्यांनाच. इतकी कोरडी हवा क्वचितच असते. म्हणजे एकदा हे क्षार फटीत शिरले, की बाहेर लख्ख ऊन असलं तरी आतला पातळ ओलावा टिकून राहतो. उघड्या पोलादावर आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो. पॅडखालच्या पोलादाला तेवढी वाटही बघावी लागत नाही. मालकांना आश्चर्य वाटलं होतं ते याचंच. शेजारची चासी, तिथलाच रंग, तोच फवारा, तरी गंज फक्त प्लेटांना. चासी भिजते आणि वाळते. प्लेट भिजते आणि भिजलेलीच राहते.

मग माझं मत पक्कं झालं. इथे पाणी अडवण्याच्या मागे लागायचं नाही, आलेलं पाणी जाईल आणि मागोमाग हवा फिरेल एवढं करायचं.

नाकारलेले उपाय

पॅड काढून टाकावेत, हा पहिला विचार. मग उघडी प्लेट दगडावर, काँक्रीटवर घासणार, रंग जाणार आणि गंज तळापासून सुरू होणार. शिवाय गुळगुळीत ओल्या जागेवर पोलाद सरकतं, रबर धरून ठेवतं. पॅड हवेतच.

दुसरा उपाय मालकांचाच: ओठाच्या कडेने सिलिकॉन सीलंट भरून फट बंद करायची. हा उपाय सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. व्हिनेगरसारखा वास येणारी सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतात, उघड्या पोलादावर ती लावूच नयेत. आम्ल न सोडणारं सीलंट घेतलं तरी प्रत्येक मुक्कामी रबर भाराखाली फुगतं, परत आकसतं, आणि कधी ना कधी सीलंट एका जागी सुटतं. तिथून पाणी आत जातं आणि बाकी सगळी कड मजबूत बंद असल्यामुळे आतच राहतं.

ग्रीस भरण्याबद्दल थोडक्यात: खनिज तेलाच्या ग्रीसने टायरचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि ग्रीसला चिकटलेली वाळू रंग घासून काढते. त्याच कारणाने जॅकचं तेल कुठे गळत असेल तर ते आधी दुरुस्त करावं. इथे रॉड कोरडे होते.

भोकं कुठे पाडायची

पॅडला भोकं पाडायची म्हटल्यावर मालकांनी लगेच विचारलं, "अहो, पण मग खालून पाणी वर येईल की!" प्रश्न बरोबर होता. येईलच. पण पाणी आताही येतच होतं, फक्त परतीची वाट नव्हती. जॅक वर उचलला की जमिनीवरचं डबकं खाली राहतं आणि आत आलेलं पाणी भोकातून उतरून जातं. गाडीचा बहुतेक काळ जॅक वर असतानाच जातो, त्यामुळे निचऱ्याचा विचार त्या स्थितीचा करायचा.

खरा पेच भोकाच्या जागेचा. पहिल्यांदा सुचतं ते मध्यभागी. पण मध्यभागी रॉडच्या टोकाचा गोळा प्लेटला दाबतो, भार तिथेच जास्त, आणि गंज तर काठाला. मग वाटतं, प्लेटच्या दोन भोकांच्या बरोबर खाली पाडावीत. तेही पुरत नाही. प्लेट त्या गोळ्यावर हलती असते, उंचसखल जमिनीवर नीट टेकावी म्हणून. त्यामुळे वर उचलल्यावर ती थोडी कलंडून लटकते. आम्ही एक पॅड काढलेल्या प्लेटमध्ये मगभर पाणी ओतलं: ते डाव्या काठाला साचलं. जॅक खाली टेकवून परत उचलला आणि पुन्हा ओतलं: आता पुढच्या काठाला. सर्वांत खालचा बिंदू दर मुक्कामाला बदलतो. त्यात गोल पॅड गोल प्लेटवर हळूहळू फिरतोही, म्हणजे आज जुळवलेली भोकं उद्या जुळतीलच असं नाही.

त्यामुळे पॅडच्या आतल्या पृष्ठभागावर, प्लेटच्या भोकांच्या अंतरावर, एक पूर्ण गोल चर काढायचं ठरलं. पॅड कसाही फिरला तरी प्लेटची भोकं त्या चरावरच येणार. चरातच एकमेकांपासून 120 अंशांवर तीन आरपार भोकं. प्लेट कुठेही कलंडली तरी एखादं भोक खालच्या बाजूच्या आसपास असणारच. पॅडच्या तळाला जमीन धरायला उंचवटे असतात. भोकं त्या उंचवट्यांमधल्या खोलगट जागेत उघडतील अशी पाहिली, म्हणजे गाडी उभी असतानाही पाण्याला बाजूने सरकायला जागा राहते.

भोकाचा व्यास 12 मिलिमीटर घेतला. चार-पाच मिलिमीटरचं भोक पुरेल असं वाटतं, पण तेवढ्या भोकात पाणी पृष्ठताणाने अडून राहतं आणि एक खडासुद्धा ते बुजवतो. शिवाय रबराचं घनफळ दाबाने जवळपास कमी होत नाही. वरून दाबलं की ते बाजूला फुगतं, म्हणजे भाराखाली भोक आणखी आवळतं.

पॅड कमजोर होईल का, याचा हिशेब मालकांसमोरच केला. 25 सेंटिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे 491 चौरस सेंटिमीटर. तीन भोकं मिळून साडेतीन चौरस सेंटिमीटरही नाहीत. साधारण 10 सेंटिमीटर त्रिज्येचा, 6 मिलिमीटर रुंदीचा चर सुमारे 38. एका जॅकवर 2,000 किलो भार धरला तर दाब चौरस सेंटिमीटरला 4.1 किलोवरून 4.4 किलोपर्यंत जातो. जाड रबराला हे काहीच नाही. मात्र रबरी ओठ प्लेटला जिथे पकडतो त्या भागाला हत्यार लावायचं नाही, नाहीतर चालत्या गाडीतून पॅड निसटेल. आणि पॅडला भोक पाडलं की बनवणाऱ्याची वॉरंटी बहुधा संपते. मालकांना हे आधी सांगितलं, त्यांनी होकार दिला, मगच ड्रिल हातात घेतलं.

प्रत्यक्ष काम

साध्या ड्रिल बिटने रबरात भोक नीट पडत नाही. रबर ताणलं जातं, बिट पकडतं, आणि बिट काढल्यावर भोक लहान होऊन फाटक्या कडेचं उरतं. पातळ पोलादी नळीची एक कड आतून धार लावून घेतली, ती ड्रिलला लावली, पॅडखाली लाकडाचा तुकडा ठेवला आणि साबणाचं पाणी सोडत सावकाश फिरवली. रबराची गोळी स्वच्छ कापली जाते आणि भोकाची भिंत गुळगुळीत राहते. गाळ अडकायचा तो खरखरीत भिंतीलाच, म्हणून ही मेहनत घ्यावी. चर काढायला टायरला नव्याने चर पाडायचं गरम पात्याचं हत्यार वापरलं. 25 मिलिमीटर जाडीत 3 मिलिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. धूर होतो, म्हणून काम उघड्यावर.

प्लेटांवर जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. आधी वायर ब्रशने सैल गंज काढला आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुतलं, मधे ब्रश मारून पुन्हा धुतलं. खड्ड्यांत मीठ राहिलं आणि त्यावर रंग बसला, तर ते मीठ रंगाच्या थरातूनही पाणी ओढून घेतं आणि पुन्हा फुगवटे येतात. पूर्ण वाळल्यावर पोलाद चकाकेपर्यंत घासलं. खड्ड्यांच्या तळाशी ब्रश पोचत नव्हता तिथे टॅनिक आम्लाचं गंज बदलणारं द्रव लावलं, ते उरलेल्या गंजाचा निळसर काळा स्थिर थर करतं. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर कडक रंग. मालकांच्या मनात जस्ताचा स्प्रे होता. तो चांगलाच असतो, पण त्यातलं जस्त पोलादाला थेट भिडलं तरच राखण करतं. गंज बदलणाऱ्या द्रवाच्या थरावर मारलं तर तो नुसता करडा रंग.

प्लेटची तीक्ष्ण कड कानसीने गोलसर केली. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि थर नेमका तिथेच पातळ राहतो. कडेला आणि निचऱ्याच्या भोकांच्या आतल्या भिंतीला ब्रशने वेगळा हात दिला. रंग मारताना चारही क्रोम रॉड प्लॅस्टिक गुंडाळून टेपने बंद केले होते. रॉडवर रंगाचे कण बसले तर जॅक वर जाताना ते सीलला कापत जातात, आणि मग गंजापेक्षा मोठं काम निघतं.

पॅड लगेच चढवले नाहीत. इपॉक्सी हाताला कोरडी लागते तेव्हा आतून कच्चीच असते. नेहमीच्या तापमानाला ती पूर्ण पिकायला आठवडाभर लागतो, आणि कच्च्या रंगावर रबर दाबून बसवलं तर ते चिकटतं आणि पुढच्या वेळी रंग घेऊनच निघतं. नंतर साबणाचं पाणी लावून, पॅड जमिनीवर ठेवून, जॅक हळूहळू उतरवून ते बसवले. वर उचलून प्लेटमध्ये पाणी ओतलं तेव्हा भोकातून धार लागली, आणि मालकांनी समाधानाने मान हलवली.

हिवाळ्यानंतर

गाडी पुन्हा मिठाच्या रस्त्यांवरून जाऊन आली, तेव्हा चारही पॅड काढून पाहिले. पुढचे दोन आणि मागचा उजवा: चरात थोडी माती, रंग शाबूत, बोटाला ओल लागली पण साचलेलं पाणी नाही. काँक्रीटवर नवे डाग उमटलेले नव्हते.

मागचा डावा मात्र वेगळा निघाला. तो चाकाच्या थेट मागे आहे आणि सगळा चिखल त्याच्यावरच उडतो. त्याच्या तीनपैकी दोन भोकांत वाळलेल्या चिखलाचं बूच होतं आणि काठाला अर्धचंद्राकृती ओल. रंग तिथेही उठलेला नव्हता. गंजाची बारीक रेघ आली होती ती ओठाच्या वरच्या कडेला, जिथे रबर प्लेटवर घासतं. ती वाळूकागदाने साफ करून कडेला प्रायमरचा आणि रंगाचा एकेक हात आणखी दिला. या एका पॅडची भोकं 16 मिलिमीटरपर्यंत वाढवली. ती मोठी झाली तरी चिखल पुन्हा येणारच. म्हणून मालकांनी ठरवलंय, की खराब रस्त्यावरून आल्यावर जॅक वर असतानाच पाण्याच्या पाइपने प्लेटच्या वरून धार सोडायची आणि तिन्ही भोकांतून पाणी पडतंय का ते बाजूला उभं राहून बघायचं. एखाद्यातून पडत नसेल तर लांब दांड्याच्या बोथट काडीने खालून मोकळं करायचं. त्या चाकामागे मडफ्लॅप आणखी खाली आणता येईल का, तेही आता बघायचं आहे. तिथे सायलेन्सरचा पाइप आडवा येतो, त्यामुळे आधी जागा मोजावी लागेल.